ट्यूमरची हद्द कोण आखतं? नांदेडच्या एका संशोधनाच्या निमित्ताने

आमच्या सोनपेठकडे कुणाला कॅन्सर निघाला, की 'टाटाला न्या' हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण एमआरआयवर मेंदूतल्या ट्यूमरची हद्द कॉम्प्युटरकडून आखून घेण्याच्या कामात टाटाच्या डॉक्टरांसोबत आपलं नांदेडही होतं, हे फार कुणाला माहीत नसतं. पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठी आज तीच गोष्ट सांगतो.

आधी अडचण बघू. ग्लायोमा हा मेंदूतला ट्यूमर आजूबाजूला मुरत जातो, शेताच्या बांधासारखी स्पष्ट कड त्याला नसते. रेडिएशनसाठी हद्द लहान आखली तर ट्यूमर मागे राहतो, मोठी आखली तर चांगल्या मेंदूला मार बसतो. हाताने एकेका स्लाइसवर आखायला वेळ लागतोच, शिवाय दोन डॉक्टरांच्या रेघा जुळत नाहीत.

किती जुळत नाहीत, हे 2012 ला सुरू झालेल्या 'ब्रॅट्स' स्पर्धेतून दिसलं. मोजमाप होतं डाइस स्कोअर: दोन आखण्यांचा सामाईक भाग दुप्पट करायचा आणि दोन्हींच्या आकारांच्या बेरजेने भागायचं. पूर्ण जुळलं तर 1. ट्यूमरच्या वेगवेगळ्या भागांवर तज्ज्ञांचं आपसातच 74 ते 85 टक्के जुळलं!

2015 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून 'यू-नेट' आलं. हे नेटवर्क चित्र लहान करत करत त्यात काय आहे ते ओळखतं, मग मोठं करत ते नेमकं कुठे आहे ते सांगतं. थोड्या चित्रांवरही ते शिकतं, म्हणून मेडिकल इमेजिंगवाल्यांनी ते उचलून धरलं. पुढच्याच वर्षी त्याचं थ्रीडी रूप आलं.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतले उज्ज्वल बैद आणि सहकाऱ्यांनी, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत, हेच थ्रीडी यू-नेट वापरलं. त्यांचा पेपर 2020 चा. मेंदूचा बहुतेक भाग निरोगी असतो, त्यामुळे मॉडेल 'सगळं निरोगी' म्हणालं तरी वरवर बरोबरच ठरतं. म्हणून त्यांनी ट्यूमरच्या कडेजवळचे तुकडे जास्त वजन देऊन निवडले. ब्रॅट्सच्या 285 रुग्णांवर मॉडेल शिकवलं आणि नंतर हॉस्पिटलच्या स्वतःच्या 40 रुग्णांवर तपासलं. ही दुसरी पायरी नवखे संशोधक हमखास गाळतात.

पुढे बैद अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. 2,040 रुग्णांच्या ब्रॅट्स 2021 च्या पेपरवर पहिलं नाव त्यांचं आहे. तोवर कामाची पद्धतच उलटली होती: पहिली रेघ मॉडेल मारणार, रेडिओलॉजिस्ट ती दुरुस्त करणार. वेळ वाचला, पण एक प्रश्न उरलाच. समोर तयार रेघ असताना डॉक्टर जी हद्द ठरवतो, तीच तो कोऱ्या स्कॅनवर ठरवेल का?

म्हणून सिनॉप्सिसमध्ये मॉडेलचं नाव टाकण्याआधी तीन गोष्टी लिहा: हद्द कुणी आखली, किती जणांनी आखली, त्यांचं आपसात किती जुळलं. तज्ज्ञांचंच 80 टक्के जुळत असेल आणि तुमचं मॉडेल 95 दाखवत असेल, तर खूश होऊ नका. कदाचित ते ट्यूमर नाही, एका डॉक्टरचा हात शिकलंय.