‘गिव्ह अप’ : एका क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्यास मोठे शब्द फारसे अडवीत नाहींत. अडवितात ते दोन लहान शब्दांचे जोड. ‘गिव्ह’ म्हणजे देणें आणि ‘अप’ म्हणजे वर, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण दोन्ही एकत्र आले म्हणजे ‘सोडून देणें’ असा अर्थ कां व्हावा? याचें उत्तर शोधावयास इतिहासांत शिरावें लागतें.

प्राचीन इंग्रजींत असलीं उपपदें बहुधा क्रियापदाच्या आरंभीं जोडीत. संस्कृत उपसर्गांसारखाच तो प्रकार. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हे उपसर्ग मागें पडत गेले आणि क्रियापदापुढें स्वतंत्र अव्यय ठेवण्याची रीत वाढली. पीटरबरोच्या मठांत बाराव्या शतकांत लिहिलेली बखर या स्थित्यंतराची साक्ष देते. इंग्लंडचा राजा स्टीफन यानें ११३९ सालीं ऑक्सफर्ड येथें सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचा पुतण्या, लिंकनचा बिशप अलेक्झांडर, यांस कैदेंत टाकलें. ते आपले किल्ले स्वाधीन करीपर्यंत त्यांची सुटका नव्हती, हें सांगतांना बखरकार ‘गिव्ह अप’चेंच जुनें रूप योजतो. हातीं असलेली वस्तु दुसऱ्याच्या बळापुढें स्वाधीन करणें, हा तेथें त्याचा अर्थ.

पुढें किल्ल्याच्या जागीं इतर गोष्टी आल्या. १६११ च्या इंग्रजी बायबलांत मरणारा मनुष्य प्राण ‘गिव्ह अप’ करतो. मराठींतहि प्राण सोडतातच. आज गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन होतो, तरुण प्रवासी वृद्धास जागा देतो, कोणी तंबाखूचा नाद सोडतो, तर कोणी कोड्यापुढें हात टेकतो. मराठीस येथें निरनिराळे शब्द लागतात. इंग्रजींत एकच क्रियापद पुरतें. नियम मात्र एक पाळावा लागतो : कर्म सर्वनाम असेल तर तें मध्येंच बसतें. ‘गिव्ह इट अप’ शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ अशुद्ध.

परकीयांस अशीं क्रियापदें सर्वांत कठीण जातात, हें डॉ. जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. मराठी माणसानें मात्र त्यामुळें खचून जाण्याचें कारण नाहीं. ‘देऊन टाकणें’ यांत कोणी कांहीं फेकीत नाहीं आणि ‘सोडून देणें’ यांत कोणास कांहीं मिळत नाहीं, हें तो न शिकतां जाणतो. इंग्रजींतील ‘अप’ हें त्याच जातीचें आहे. तें दिशा दाखवीत नाहीं, क्रिया पुरी झाल्याचें सांगतें.