बुडालेलें सरोवर आणि वांचलेली नदी

शरद ऋतूचें नांव घेतांच पावसाळा सरून निवळलेलें पाणी आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर हा ऋतु मार्च महिन्यांत लागतो, व त्याचा थाट निराळा असतो. तेथील उंच डोंगरांवर बीच जातीचें एक खुजें झाड वाढतें. हिंवाळ्याच्या धाकानें सर्व पानें गाळणारें ऑस्ट्रेलियांतील देशी झाड तें एकच. एप्रिलच्या अखेरीस त्याचीं लहान चुणीदार पानें पिवळीं, नारिंगी व तांबडीं होऊन डोंगरांतील तळ्यांच्या कांठीं पसरतात. नद्यांचें पाणी मात्र चहासारखें काळसर दिसतें. पाणथळ माळांवरील गवताचा व कुजलेल्या पाल्याचा अर्क त्यांत उतरलेला असतो. वारा पडला म्हणजे अशा गडद पाण्यांत कड्यांचीं व झाडांचीं प्रतिबिंबें फार स्पष्ट उमटतात.

या पाण्याचीं छायाचित्रें काढण्यांत दोन माणसांनीं आपलें आयुष्य वेंचलें, व दोघांचाहि अंत त्याच रानांत झाला. त्यांची हकीकत केवळ कलेच्या इतिहासांत जमा करून भागणार नाहीं. चित्रानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर तींत आहे.

यांतील थोरला ओलेगास ट्रुकानास. तो १९२३ सालीं लिथुएनियांत जन्मला. दुसऱ्या महायुद्धानें देशोधडीस लागलेल्या निर्वासितांपैकीं तो एक. १९४८ सालीं तो टास्मानियांत आला व पुढें तेथील जलविद्युत् खात्यांत कारकून झाला. रजेच्या दिवसांत पाठीवर शिधा व कॅमेरा घेऊन बेटाच्या निर्जन नैर्ऋत्य भागांत हिंडणें हा त्याचा छंद. १९५८ सालीं तर लहानशा होडींतून गॉर्डन नदीच्या भयाण घळी ओलांडून तो एकटा खालीं उतरला.

त्याचें सर्वांत लाडकें स्थळ म्हणजे पेडर सरोवर. भोंवतीं डोंगर, मध्यें सुमारें १० चौरस किलोमीटर पाणी, आणि एका कांठास जवळजवळ ३ किलोमीटर लांबीची फिकट गुलाबी वाळूची चौपाटी. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं ही वाळू इतकी रुंद व टणक होई कीं लहान विमानें तिजवर उतरत. १९५५ सालीं सरकारनेंच हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला होता. परंतु १९६७ सालीं तेथेंच पाणी अडवून वीज उत्पन्न करण्याची योजना मंजूर झाली. योजना जलविद्युत् खात्याची, आणि ट्रुकानास त्या खात्याचा चाकर! उघड विरोध करावा तर नोकरी आड येई. त्याच वर्षीं फेब्रुवारींत होबार्ट शहराभोंवतीं वणवा पेटला. त्यांत त्याचें घर जळालें व कित्येक वर्षांच्या चित्रसंग्रहाची राख झाली. सरोवर बुडण्यास थोडाच अवधि उरला होता. त्यानें पुन्हां रानाची वाट धरली व पुन्हां चित्रें काढलीं. होबार्टच्या नगरभवनांत तो तीं रंगीत चित्रें पडद्यावर दाखवी, आणि सभागृह भरून जाई. चाकराला जें बोलतां येत नव्हतें तें चित्रें बोलत होतीं.

तरीहि सरोवर वांचलें नाहीं. १९७२ सालीं पाणी चढत गेलें व जुनें सरोवर चौपाटीसह सुमारें २४० चौरस किलोमीटरांच्या नव्या जलाशयाखालीं गडप झालें. त्या जलाशयासहि ‘पेडर सरोवर’ हेंच नांव देण्यांत आलें! ट्रुकानासला हें पाहावें लागलें नाहीं. गॉर्डन नदीचीं चित्रें नव्यानें घेण्यासाठीं तो जानेवारी १९७२ मध्यें गेला असतां पाय घसरून प्रवाहांत वाहून गेला. त्याचा देह सांपडला तो त्याच्या तरुण शिष्याला.

हा शिष्य पीटर डोम्ब्रोव्स्किस. लाटव्हियन आईबापांच्या पोटीं १९४५ सालीं तो जर्मनींत जन्मला व १९५० सालीं आईबरोबर ऑस्ट्रेलियांत आला. गुरूपासून त्यानें रान व होडी या दोहोंचीहि विद्या घेतली. त्याचा कॅमेरा मोठा व वजनदार. एका वेळीं फिल्मचा एकच पत्रा त्यांत बसे. तिवई रोंवून, ढगाळ मंद प्रकाश साधून, झांकण बराच वेळ उघडें ठेवावें, तेव्हां एक चित्र हातीं येई. तेवढ्या वेळांत वाहतें पाणी पुढें सरकतें व चित्रांत त्याची रेशमी धार होते.

पेडरनंतर पाळी आली फ्रँकलिन नदीची. तिच्यावर बांध घालण्यास अनुकूल असलेले तेव्हांचे मुख्य मंत्री रॉबिन ग्रे यांनीं तिला जळवांनीं भरलेला तपकिरी नाला ठरविलें. डोम्ब्रोव्स्किसनें तोच तपकिरी रंग जगापुढें ठेविला. सकाळचें धुकें, दोहों बाजूंस अरण्य, मध्यें काळा खडक आणि त्यास वळसा घालणारें पाणी, असें त्याचें एक चित्र आहे. ५ मार्च १९८३ च्या निवडणुकीपूर्वीं तें सिडनी व मेलबर्न येथील वृत्तपत्रांत पानभर रंगीत छापलें गेलें. हें नष्ट करणाऱ्या पक्षास आपण मत द्याल काय, असा प्रश्न त्याखालीं मतदारांस केला होता. बांध थांबविण्याचें वचन देणारा मजूर पक्ष निवडून आला. त्यानें कायदा केला. आणि १ जुलै १९८३ रोजीं तेथील उच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं तो कायदा उचलून धरिला. नदी वांचली.

हें सर्व श्रेय एका चित्रास देणें मात्र अन्यायाचें होईल. १९८२ च्या डिसेंबरापासून लोकांनीं नदीवर वाट अडवून धरली होती. त्यांत बाराशेंहून अधिक माणसें पकडलीं गेलीं. शिवाय १९८१ सालीं नदीकांठच्या कुटिकिना गुहेंत सुमारें २०,००० वर्षांपूर्वींच्या मानवी वस्तीच्या खुणा उजेडांत आल्या, व त्यांचें महत्त्व न्यायालयापुढेंहि मांडलें गेलें. छायाचित्रांत ज्या रानीं एकहि माणूस दिसत नाहीं, तेथें आदिवासींच्या शेंकडों पिढ्या नांदल्या होत्या. चित्र खोटें नव्हतें. पण तें सगळेंहि सांगत नव्हतें.

मग चित्रानें केलें काय? जे त्या नदीवर कधीं गेले नव्हते व पुढेंहि जाणार नव्हते, त्यांस तिचे साक्षीदार केलें. पेडरच्या वेळीं असे साक्षीदार एका शहराच्या सभागृहांत मावण्याइतके होते. फ्रँकलिनच्या वेळीं ते देशभर पसरले. आणि एक सरोवर डोळ्यांदेखत गेलेलें लोकांनीं पाहिलें होतें, म्हणूनच दुसरें चित्र त्यांस इतकें जाणवलें. शिष्याच्या यशांत गुरूच्या अपयशाचा वांटा आहे.

१९९६ च्या मार्च महिन्यांत, शरद नुकता लागला असतां, वेस्टर्न आर्थर डोंगरांत छायाचित्रें घेण्यास गेलेला डोम्ब्रोव्स्किस तेथेंच मरण पावला. आज दोघांचीहि चित्रें पाहावयास मिळतात. पेडरचें चित्र पाहणाऱ्यास त्यावरच समाधान मानावें लागतें. फ्रँकलिनचें चित्र पाहून उठणारा माणूस मात्र तडक जाऊन तो खडक, तें धुकें आणि तें चहाच्या रंगाचें पाणी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं शकतो. निसर्गाच्या छायाचित्राचें याहून मोठें भाग्य कोणतें?