स्पर्धा-गणित : प्रारंभिक ऑनलाइन वर्ग

प्राथमिक व उच्च प्राथमिक इयत्तांतील (साधारण तिसरी ते आठवी) मुलांना गणित स्पर्धांतील प्रश्नांची पहिली ओळख करून देणारे, इंटरनेटवरून थेट चालणारे वर्ग. पाठ्यपुस्तकात आधी रीत आणि मग उदाहरणे असा क्रम असतो. या वर्गांत उदाहरण आधी येते आणि रीत मुलाने शोधायची असते. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर–परतवाडा यांसारख्या तालुक्याच्या गावांना ते विशेष उपयोगी आहेत, कारण या विषयाचे जाणते मार्गदर्शक मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात.

पार्श्वभूमी : आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड 1959 मध्ये रुमानियात सुरू झाले. भारताचा संघ त्यात 1989 पासून उतरतो आणि 1996 चे ऑलिंपियाड मुंबईत भरले होते. भारतातील ऑलिंपियाडचे मध्यवर्ती काम मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. अमेरिकेत शालेय गणित स्पर्धांची परंपरा जुनी असून ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या संस्थेने तेथे असे ऑनलाइन वर्ग रुजवले. महाराष्ट्रात 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलवरचा वर्ग गावोगावच्या घरांत पोचला.

शिष्यवृत्ती परीक्षेशी नाते : मराठी घरांत ‘गणिताची स्पर्धा’ म्हटले की पहिले नाव निघते ते शिष्यवृत्तीचे. 1954-55 पासून चालत आलेली ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती. 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. तिच्या पाचवी-आठवीच्या स्वरूपात एका पेपरला 75 प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळत. ऑलिंपियाडमध्ये दोन दिवसांत मिळून सहाच प्रश्न असतात आणि तीन प्रश्नांना साडेचार तास दिलेले असतात. शिष्यवृत्तीच्या सरावाने हात बसतो, आकडेमोड पक्की होते. मात्र एकाच प्रश्नापाशी अर्धा तास टिकून राहण्याची सवय वेगळी लावावी लागते, आणि प्रारंभिक वर्गाचे खरे काम हेच आहे.

अभ्यासघटक : विभाज्यता व बाकी, मूळ संख्या, सम-विषम, मोजणीची तत्त्वे, आकृत्यांची काटछाट करून क्षेत्रफळ काढणे, संख्यांचे क्रम आणि तर्ककोडी. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986) यांचा 6174 हा स्थिरांक पहिल्या तासाला चांगला चालतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी. उत्तरावर तीच क्रिया करत राहावे; उत्तर तीन अंकी आले तर त्याच्या आधी शून्य धरून चार अंक करावेत. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. यासाठी वजाबाकीपलीकडे काही यावे लागत नाही.

नमुना प्रश्न : संत्र्यांचे पाच-पाचचे ढीग केले तर 2 उरतात, सात-सातचे केले तर 3 उरतात. संत्री शंभरापेक्षा कमी असून त्यांची संख्या सम आहे. तर ती किती? सातने भागून 3 उरणाऱ्या संख्या 3, 10, 17, 24… अशा येतात. पाचने भागून 2 उरायचे तर शेवटचा अंक 2 किंवा 7 हवा, म्हणून 17. पुढे 35 मिळवत गेले की 52 आणि 87. त्यांतली सम संख्या 52. उत्तर आले तरी तास संपत नाही. 35 च का मिळवायचे, हे मुलाने आपल्या शब्दांत सांगायचे असते : 35 ला पाच आणि सात दोहोंनी भाग जातो, म्हणून दोन्ही बाक्या जागच्या जागी राहतात.

वऱ्हाडातील परंपरा : वरील प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातील कुट्टकाच्या, म्हणजे बाक्यांवरून संख्या शोधण्याच्या रीतीच्या, जातीचा आहे. त्या ग्रंथावर सुमारे 1600 मध्ये ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ यांचे घराणे मूळचे पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचे. कुलवृत्तांतात या गावाचा ठावठिकाणा एलचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, संदर्भाने दिला आहे. घराणे पुढे काशीला गेले. कृष्णांचा भर उपपत्तीवर, म्हणजे नियम का खरा ठरतो यावर होता. ऋण संख्या समजावताना त्यांनी पूर्व-पश्चिम अशा उलट दिशांचा आधार घेतला. पाचवी-सहावीच्या मुलाला ऋण संख्या आजही अशाच पटतात.

स्वरूप व मर्यादा : तास मोबाइल किंवा संगणकावर थेट होतो; मुले वहीत सोडवून पानाचा फोटो पाठवतात. घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला की तास बुडतो. भाषेचीही अडचण येते : लसावि-मसावि पाठ असलेले मूल ‘एलसीएम’ ऐकून गप्प बसते, तेव्हा ते गणितात कच्चे आहे असा गैरसमज होतो. अचलपुरात मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. त्यामुळे संज्ञा मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आधी फळ्यावर लिहून देणे हिताचे. वर्ग लहान असावा, कारण प्रत्येक मुलाची वही पाहिल्याशिवाय त्याची वाट कुठे चुकली हे कळत नाही. निवड करताना पालकांनी निकालाच्या जाहिरातीपेक्षा एक तास मुलाजवळ बसून पाहावा. शिक्षक उत्तर सांगण्याआधी किती वेळ थांबतो, यावरून वर्गाची पारख होते.