'चिन्ता' म्हणजे प्रेम : मलय भाषेतील ममतेचे शब्द

मराठीत 'तुझी चिंता वाटते' या वाक्यात काळजी असते. मलाक्का सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर, मलेशियात आणि इंडोनेशियात, हाच शब्द उच्चारणे म्हणजे प्रेमाची कबुली देणे. मलय भाषेत प्रेमाला 'चिन्ता' म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला आहे.

संस्कृतात 'चिन्ता' म्हणजे मुळात विचार, एखाद्या गोष्टीचे मनात वसणे. 'चिंतन' तिचेच भावंड. मनात सतत कोण वसते, या प्रश्नाला मराठीने संकट हे उत्तर दिले, मलयने प्रिय व्यक्ती. फिलिपिन्समधील तागालोग भाषेतही 'सिन्ता' म्हणजे प्रियजन.

हे शब्द तलवारीच्या बळावर गेले नाहीत. सुमात्रातील पालेम्बांगजवळ श्रीविजय राज्याचे इ. स. ६८२ पासूनचे प्राचीन मलय शिलालेख सापडले आहेत. लिपी पल्लव वळणाची, भाषा मलय, आणि तीत संस्कृत शब्दांची रेलचेल. ६८४ च्या तालांग तुवो लेखात राजा जयनाशाने एक उद्यान सर्व जीवांच्या कल्याणासाठी अर्पण केल्याची नोंद आहे. नारळ, सुपारी, बांबू अशी झाडांची नावे देशी. पण त्याच लेखातल्या प्रार्थनेत 'बोधिचित्त' आणि 'मैत्री' हे शब्द बौद्ध धर्मासोबत आलेले.

जावात पुढे दरबारी काव्याने ही आयात वाढवली. बाराव्या शतकात केदिरी राज्यात मदनदहनावर 'स्मरदहन' हे काव्य रचले गेले. 'स्मर' तिथे 'आस्मारा' झाला, 'तृष्णा' जावानीज भाषेत 'त्रेस्ना', म्हणजे प्रेम झाली, तर 'विरही' मलयमध्ये 'बेराही' होऊन कामवासनेकडे झुकला. नंतर अरबीतून 'आशिक' आला. त्याचा प्रवास नेमका उलटा. आज मलयमध्ये 'आशिक' म्हणजे प्रामुख्याने एखाद्या कामात गढून गेलेला!

यावरून 'त्यांना प्रेम भारताने शिकवले' असा दावा समाजमाध्यमांवर हमखास केला जातो. तो टिकत नाही. शब्द उसना घेणे म्हणजे भावना उसनी घेणे नव्हे, आणि मलयजवळ स्वतःचे शब्द होतेच: 'कासिह' आणि 'सायांग'.

हे दोन्ही शब्द आग्नेय आशियातील जुन्या घरचे. 'कासिह' पासून 'कासिहान' होतो, म्हणजे कणव. 'सायांग' म्हणजे माया, लाडकी हाक, आणि 'अरेरे, वाया गेले!' ही हळहळसुद्धा. तागालोगमध्ये तर ही हळहळच मुख्य अर्थ आहे. ज्याच्या नुकसानीने जीव तुटतो, तेच प्रिय. मलयचे भाषाकुल मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरले आहे आणि प्रेम व करुणा यांची ही जवळीक त्याच्या पूर्व टोकालाही आढळते: माओरीतील 'आरोहा' आणि हवाईतील 'अलोहा' या भावंडशब्दांत दोन्ही अर्थ नांदतात.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. संस्कृतात भ्रम असणारी 'माया' आपल्याकडे आईच्या पदरात येऊन बसली.

मलय माणूस मात्र आभार मानताना आजही देशी शब्दच वापरतो. 'तेरिमा कासिह', शब्दशः 'प्रेम स्वीकारा': बाजारात सुटे पैसे परत घेतानाही हेच दोन शब्द.