यवत, भिगवण, बार्शी आणि आईची फाइल

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की आधी यवत लागतं, मग भिगवण, आणि टेंभुर्णीहून डावीकडे आत वळून कुर्डुवाडीमार्गे गेलं की बार्शी. यवत म्हटलं की भुलेश्वर, भिगवण म्हटलं की फ्लेमिंगो आणि मासे, बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ. आमच्यासारख्या आयटीवाल्यांचं या रस्त्याशी नातं साधारण एवढंच, तेही शनिवार-रविवारपुरतं. पण ही तिन्ही गावं दुखण्याच्या इतिहासात आहेत. म्हणजे अंगदुखी, सांधेदुखी, ज्याला आपण "काय नुसतं दुखतंय दुखतंय" म्हणतो ना, त्या दुखण्याच्या. मला याचा पत्ता लागला तो आमच्या घरातल्या एका फाइलमुळे. तिच्याबद्दल पुढे येईलच. आधी बार्शी.

१९७३ साली बार्शीत तापाची मोठी साथ आली. ताप, अंगावर पुरळ, आणि सांधे असे धरलेले की माणसाला उठून उभं राहता येईना. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही) लोक तिथे गेले, त्यांनी घरोघरी जाऊन मोजणी केली, रक्ताचे नमुने घेतले. आजाराचं नाव निघालं चिकुनगुनिया. गावातल्या शंभरातल्या ३७ जणांना तो झाला होता, असं त्यांच्या अहवालात आहे. महाराष्ट्रात ही दुसरी वेळ. त्याआधी १९६५ मध्ये नागपुरात येऊन गेला होता, त्याच्याही आधी १९६३ मध्ये कलकत्त्यात आणि १९६४ मध्ये मद्रासकडे.

आता ७३ साल म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? ७२चा दुष्काळ. सुकडी, रोजगार हमीची खडी, टँकर. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. पाण्याचं दुर्भिक्ष असलं की लोक मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवतात. या दोन गोष्टींचा संबंध जोडणं हा माझा अंदाज आहे, अहवालातलं वाक्य नव्हे. पण ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही त्याला हा अंदाज फार ताणलेला वाटणार नाही.

चिकुनगुनिया हा शब्द मकोंदे भाषेतला. १९५२-५३ मध्ये तेव्हाच्या टांगानिकात (आताच्या टांझानियात) मकोंदे पठारावर साथ आली, आणि तिथल्या लोकांनी तिला दिलेलं नाव डॉक्टरांनी तसंच उचललं. अर्थ साधारण "वाकवून टाकणारा" असा. म्हणजे बघा, नावात ताप नाही, पुरळ नाही, डास नाही. नावात आहे ते फक्त दुखणाऱ्या माणसाचं वाकलेलं शरीर. आजाराला इतकं प्रामाणिक नाव क्वचितच मिळतं. (आमच्याकडे त्याचं "चिकनगुण्या" झालं, आणि त्याच वर्षी, २००६च्या फेब्रुवारीत, नवापूरला बर्ड फ्लू निघालेला. त्यामुळे आमच्या आजीने वर्षभर घरात कोंबडी शिजू दिली नाही. दोन्ही आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.)

बार्शीनंतर हा आजार जवळजवळ गायबच झाला. तीस-बत्तीस वर्षं भारतात मोठी साथ नाही. डॉक्टरांची एक अख्खी पिढी असा रुग्ण न बघता शिकून बाहेर पडली.

इथे यवत येतं. २००० साली यवतला पकडलेल्या डासांमध्ये एनआयव्हीला हा विषाणू सापडला. तेव्हा साथ नव्हती, गवगवा नव्हता. पुढे २००५च्या अखेरीपासून आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात साथ उसळली. तेव्हा शास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या विषाणूंचे जनुकीय क्रम शेजारी ठेवून पाहिले. १९६३ ते ७३चा विषाणू आशियाई घराण्यातला होता, साथीतला नवा विषाणू आफ्रिकी घराण्यातला. आणि यवतचा डासातला? तोही आफ्रिकी. म्हणजे पाहुणा पाच वर्षं आधीच येऊन सोलापूर रोडला मुक्काम टाकून बसला होता.

२००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यात कर्नाटकात साडेसात लाखांच्या वर आणि महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वर. या सगळ्यांत प्रयोगशाळेत तपासून पक्के ठरलेले किती? साधारण दोन हजारांच्या घरात. मला या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. यात कुणाची चूक आहे असं नाही. साथीत प्रत्येकाचं रक्त तपासत नाहीत, तशी गरजही नसते. गल्लीतल्या दहा घरांत सारखंच दुखणं असेल तर अकराव्याला काय झालंय ते सांगायला लॅब कशाला हवी? प्रश्न येतो तो नंतर. ताप आठवड्यात जातो. बहुतेकांचे सांधेही काही आठवड्यांत, काही महिन्यांत मोकळे होतात. पण काहींचे होत नाहीत. वर्ष, दोन वर्षं, त्याच्याही पुढे.

आमचं गाव जानेफळ. तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. त्या पावसाळ्यात मी तिसरीत होतो. मला आठवतं ते एवढंच, की गल्लीतली मोठी माणसं सकाळी भिंत धरून चालायची आणि आम्ही पोरं त्यांच्या चालीची नक्कल करायचो. आईलाही ताप आला. दोन सलाईन, एक इंजेक्शन, चार दिवसांत उठली. ताप गेला, मनगटं आणि घोटे राहिले.

त्यानंतरची फाइल माझ्याकडे आहे. फाइल म्हणजे कापडाच्या दुकानाची पिशवी, पण घरात सगळे तिला फाइलच म्हणतात. त्यात काय काय आहे! २००८ चा कागद म्हणतो कॅल्शियम कमी. २०१० चा म्हणतो युरिक अ‍ॅसिड, डाळी बंद करा. (विदर्भातल्या बाईला डाळ बंद करा म्हणणं म्हणजे काय ते वाचकांनी समजून घ्यावं.) मग आरए फॅक्टर, निगेटिव्ह. मग एक्स-रे, नॉर्मल. एका कागदावर तर काहीच निदान नाही, नुसत्या गोळ्या. तोंडी सांगितलं होतं, टेन्शन घेऊ नका. गावातल्या जाणत्यांनी वात म्हणून सांगितलं, तेही एका अर्थी खोटं नाही. चरकसंहितेत वाताचे ८० विकार मोजलेत, माधवनिदानात आमवाताचं वेगळं प्रकरण आहे. नावांची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती. यातलं आपलं कोणतं, हे कोण सांगणार?

या सगळ्या वर्षांत काम थांबलं नाही हे वेगळं सांगायला नको. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, निंदण, दोन वेळच्या भाकरी. वेचणीला बोटांची टोकं लागतात आणि नेमकी तीच सकाळी वळायची नाहीत. मग आईने मजुरणींबरोबर ठरवून घेतलं, ती उशिरा येणार आणि उशिरापर्यंत थांबणार. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी यायची, ती घेतली की दिवस निघायचा आणि रात्री पोट जळायचं. एकदा मी फोनवर विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणाली, "ज्याच्या दुखण्याले नाव असते त्याले औषध असते बाप्पू. माह्यं बेवारस हाय."

आमच्या धंद्यात असा बग असतो. ग्राहक म्हणतो सिस्टीम अडकते. आपण बघायला गेलो की नेमकी चालते. लॉग पाहावा तर ज्या दिवशी बिघाड झाला त्या दिवशीचा लॉगच ठेवलेला नाही. मग टीममधला कुणीतरी म्हणतोच, माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय, आणि तिकीट बंद. आईचं अगदी हेच झालं. चिकुनगुनियाचा विषाणू रक्तात पहिल्या आठवड्याभरातच सापडतो. नंतर आयजीएम नावाची प्रतिपिंडं दिसतात, ती काही आठवडे ते काही महिने. पुढे वर्षानुवर्षं उरतात ती आयजीजी, आणि ती फक्त एवढंच सांगतात की हा आजार आयुष्यात कधीतरी होऊन गेला. आजचं दुखणं त्याचंच आहे का, हे ती सांगू शकत नाहीत. वर आणखी गोंधळ असा की चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी दिसायला कधी कधी हुबेहूब संधिवातासारखी, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तशी दिसते. आणि खऱ्या आरए असलेल्यांतही बऱ्याच जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. त्यामुळे तो एक कागद निगेटिव्ह आला म्हणून घरी पाठवणं, हे... असो.

आता भिगवण. हे राहिलंच होतं, आणि खरं म्हणजे यासाठीच लिहायला बसलो.

जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवात तज्ज्ञांची जागतिक संघटना यांनी १९८०च्या सुमारास कॉपकॉर्ड नावाचा उपक्रम काढला. कल्पना साधी होती. गरीब देशांत सांधेदुखीचे आकडे दवाखान्यांकडून मिळणार नाहीत, कारण दुखणारी माणसं दवाखान्यात येतच नाहीत. तेव्हा आपण त्यांच्या घरी जायचं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे काम भिगवणला केलं. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं, त्यांनी दारोदार जाऊन विचारलं, आणि ज्यांनी दुखतंय म्हणून सांगितलं त्यांना लगोलग डॉक्टरांनी तपासलं. सोबत माणसाच्या आकृतीचं चित्र होतं, कुठे दुखतं ते त्यावर दाखवायचं. ४०९२ प्रौढ माणसांना विचारलं, त्यातल्या ७४६ जणांना दुखणं निघालं. म्हणजे १८ टक्क्यांहून थोडे जास्त. पुरुषांपेक्षा बायका जास्त. आरए म्हणावा असा आजार मात्र जेमतेम अर्धा टक्का लोकांना.

मग बाकीच्यांचं काय? काहींचे गुडघे झिजलेले, काहींचे स्नायू-कंडरा दुखावलेले. आणि एक भलामोठा गट असा, ज्यांच्या दुखण्याला पुस्तकातलं कुठलंच नाव नीट बसेना. मला या अभ्यासातली आवडलेली गोष्ट ही, की त्यांनी या लोकांना यादीतून वगळलं नाही. नाव नाही, पण दुखतंय, असा वेगळा कप्पा केला आणि त्यात माणसं मोजली. ते वाचताना पहिल्यांदा असं वाटलं की आईसाठी कुठल्यातरी कागदावर जागा आहे.

जगाच्या पुस्तकात ही जागा फार उशिरा झाली. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हा स्वतःच एक आजार असू शकतो, दुसऱ्या कशाचं नुसतं लक्षण नव्हे, यासाठी वेगळी नोंद आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. भिगवणच्या मोजणीनंतर २६ वर्षांनी.

दोन वर्षांपूर्वी आईला शहरातल्या एका संधिवात तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात? आईकडे घड्याळाचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "चूल पेटवते, चहा होते, मंग पयली भाकर थापेपर्यंत." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी हिशोब करून सांगितलं, तासभर तरी. एवढं एक उत्तर त्या पिशवीतल्या सगळ्या कागदांपेक्षा उपयोगी होतं, असं ते म्हणाले. सांध्यांना सूज आहे की नुसती झीज, हे ठरवायला हाच प्रश्न लागतो. आणखी तपासण्या झाल्या. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं, की हे विषाणूनंतरचं सांध्यांचं दुखणं असण्याची शक्यता आहे, सुरुवातीचा आरए नाकारता येत नाही, सहा महिन्यांनी परत पाहू. शक्यता, नाकारता येत नाही, परत पाहू. मला ते वाचून चिडचिड झाली. आई मात्र खूष होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "यानं इचारलं तरी."

२०२४ मध्ये पुण्यात आणि नागपुरात चिकुनगुनिया परत आला. माझ्या ऑफिसातल्या दोघांना झाला. दोघांनी दुसऱ्याच दिवशी तपासणी केली आणि रिपोर्ट मोबाईलवर आला. त्यातल्या एकाची बोटं चार महिने की-बोर्डवर नीट चालत नव्हती. पण त्याच्या दुखण्याला नाव होतं, तारीख होती, त्यामुळे घरून काम करायला लगेच परवानगी मिळाली. कुणी त्याला टेन्शन घेऊ नकोस म्हणालं नाही.

यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा वहीच्या कागदावर माणसाची आकृती काढली, पुढून एक, पाठीमागून एक, आणि आईला म्हटलं, माय, कुठं कुठं दुखते तिथं फुली मार. तिने पेन घेतला आणि सावकाश सात फुल्या मारल्या. शेजारची काकू बसली होती, ती म्हणाली मलेही दे एक कागद. मग तिची जाऊ आली, मग समोरच्या घरातली आजी. चार कागद झाले. चारही कागदांवर मनगटाला आणि घोट्याला फुली आहे. चौघींनाही २००६ च्या पावसाळ्यात ताप आला होता. तेव्हाचा रक्ताचा कागद एकीकडेही नाही.