रानटी जव आणि शेतीचा अर्धा इतिहास

शेतीचा इतिहास आपण बहुधा माणसाच्या बाजूने वाचतो. त्याने बी पेरले, नांगर केला, गावे वसवली आणि धान्याचा हिशेब ठेवता ठेवता तो लिहायला लागला, असा त्या इतिहासाचा क्रम असतो. या व्यवहारात वनस्पतीने काय गमावले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जव, म्हणजेच सातू, या धान्याबाबत मात्र तो विचारता येतो. कारण त्याचा रानटी पूर्वज अजून हयात आहे. इस्राएल, जॉर्डन, सीरिया, आग्नेय तुर्कस्तान, इराक आणि इराण या पट्ट्यात तो खडकाळ उतारांवर आणि रस्त्यांच्या कडेला आजही उगवतो. कार्ल कोख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली.

रानटी जवाची ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्यातून तुटतो आणि दाणे कुसळांसह जमिनीवर विखुरतात. झाडाला हे हिताचे, माणसाला मात्र अडचणीचे. तरीही माणूस हे दाणे फार पूर्वीपासून गोळा करीत होता. गालील सरोवराचे पाणी ओसरल्यावर १९८९ मध्ये ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथे रानटी जवाचे दाणे मिळाले आणि ते दळल्याच्या खुणा असलेला दगडही मिळाला. म्हणजे शेतीच्या कितीतरी हजार वर्षे आधीच जव माणसाच्या आहारात आला होता.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेतात वेगळा जव रुजला. त्याची ओंबी पिकल्यावरही तुटत नव्हती, दाणे मळणीपर्यंत जागच्या जागी राहत होते. यामागचे रहस्य २०१५ मध्ये उलगडले. कणा तुटण्यासाठी शेजारशेजारची दोन जनुके लागतात. त्यांपैकी एक जरी निकामी झाले तरी दाणा गळत नाही. हा बदल किमान दोनदा, स्वतंत्रपणे घडला. रानात जी व्यंगे ठरली असती, तीच शेतात गुण ठरली. परंतु ज्या थोड्या झाडांत ती होती त्यांचाच वंश प्रामुख्याने पेरला गेला, आणि रानातल्या विविधतेचा मोठा भाग बांधाबाहेर राहिला.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही स्थिती ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. स्वीकृत संहितेखाली पाठभेद छापले नसते, तर त्या संहितेमागे किती परंपरा होत्या हे आपल्याला कळलेच नसते. शेतातला जव ही स्वीकृत संहिता मानली, तर रानटी जव हे तिचे पाठभेद होत. ही तुलना फार ताणू नये. जवाच्या संहितेला एकच मूळ प्रत नाही. आजच्या जवात निरनिराळ्या रानटी समूहांचे अंश मिसळलेले आहेत, आणि शेत व रान यांच्यातील देवघेव पुढेही होत राहिली.

या पाठभेदांत काय साठले आहे, हे कार्मेल डोंगरातील नहाल ओरेन या दरीत पाहता येते. तिचे समोरासमोरचे उतार तळाशी अवघ्या शंभर मीटरांवर आहेत. एकावर कडक ऊन आणि कोरडेपणा, दुसऱ्यावर सावली आणि ओल. एव्हिआतार नेव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या दोन उतारांवरील जवांत जनुकीय भेद आढळले. अंतर हाकेचे, पण अवर्षणाला तोंड देण्याची रीत निराळी.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? सीरियात जवाचे काड मेंढ्यांचा चारा असते. अवर्षणाच्या वर्षी पीक इतके खुजे राहते की ते कापणेही कठीण होते. रानटी जव अशा वर्षीही उंची राखतो. अलेप्पोजवळच्या इकार्डा या संशोधन केंद्रात साल्व्हातोरे चेक्कारेल्ली आणि स्तेफानिया ग्रांदो यांनी हा गुण संकराने शेतातल्या जवात आणण्याचे काम केले. मात्र रानटी झाडाबरोबर दाणे गळण्याची सवयही परत येते. म्हणून हवा तो गुण ठेवून नको तो वगळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत राहावे लागते.

हा ठेवा जपणाऱ्यांचा इतिहास सुखाचा नाही. निकोलाय वाव्हिलोव्ह १९२६-२७ मध्ये सीरिया आणि पॅलेस्टाइनमधून बियाणे गोळा करीत फिरले. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्याच सुमारास वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये त्यांच्या संस्थेतील काही सहकारी उपासमारीने मेले; सांभाळायला दिलेले धान्य त्यांनी खाल्ले नाही. पुढे सीरियातील यादवी युद्धात इकार्डालाही अलेप्पो सोडावे लागले. सुदैवाने २००८ पासून तिथल्या बियाण्याच्या दुय्यम प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या भूमिगत कोठारात पाठवल्या जात होत्या. २०१५ मध्ये त्यांपैकी सुमारे ३८ हजार नमुने परत मागवण्यात आले. त्या कोठारातून बियाणे बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पुन्हा पेरले गेले, आणि २०१७ मध्ये नव्या पिकाचे बियाणे कोठारात परतले.

तरीही कोठार म्हणजे रान नव्हे, असे आम्हांस वाटते. थंडीत ठेवलेला दाणा जिथे थांबला तिथेच थांबतो. इस्राएलमधील रानटी जवाच्या दहा समूहांचे बियाणे १९८० मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये गोळा करून एकत्र वाढवले गेले. नंतरच्या बियाण्याची झाडे सरासरी सुमारे ११ दिवस आधी फुलावर आली. वाढत्या उष्म्याला झाड आपल्या परीने उत्तर देत होते. पण त्याच अवधीत या समूहांतील जनुकीय विविधता एकंदरीत घटलीही होती. उत्तर देण्यासाठी जो साठा लागतो, तोच आटत होता.

शेतीच्या इतिहासाची उरलेली अर्धी बाजू ही अशी उतारांवर उभी आहे. चराई, बांधकाम आणि तापमान यांच्या तावडीतून ती वाचली नाही, तर शेतातल्या जवाला आपल्या चुका दुरुस्त करायला संदर्भ उरणार नाही. पाठभेद नष्ट झालेली संहिता वाचता येते. तिची चिकित्सा करता येत नाही.