पात्याला तेल देण्याआधी

भंडारा जिल्ह्यात कुंपण म्हणजे एकच झाड नव्हे. सरकारी बंगल्यांपुढे मेंदी आणि दुरांटा, हौशी अंगणात मोरपंखी, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठाने नि शेताच्या धुऱ्यांवर बेशरम. प्रत्येकाचा रस निराळा, म्हणून हेज ट्रिमरच्या पात्यावर बसणारा मळही निराळा. तरी सल्ला सगळीकडे एकच मिळतो: पुसा आणि तेल सोडा.

या यंत्रात दोन दातेरी पट्ट्या एकमेकींना घासत मागे-पुढे सरकतात. फांदी दोन दात्यांत सापडून कापली जाते. धान कापणाऱ्या रीपरचे तत्त्वही हेच. कापणी धारेइतकीच दोन पट्ट्यांमधल्या फटीवर अवलंबून असते. मळाने फट वाढली, की फांदी कापली जाण्याऐवजी दुमडून आत ओढली जाते आणि मोटर गरम होते. पुष्कळदा आपण ज्याला बोथट पाते म्हणतो, ते केवळ मळलेले पाते असते.

मेंदीच्या रसात टॅनिन असते. ओला असताना तो साध्या पाण्याने निघतो. वाळला, की टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा थर धरते आणि मग घासण्याशिवाय इलाज उरत नाही. बेशरमचा दुधाळ चीकही ओला असतानाच साबणाच्या पाण्याने काढावा. वाळलेला खरवडायचा झाला तर बांबूच्या चिपेने. लोखंडी पट्टीने धारेवर ओरखडे पडतात. मोरपंखीची राळ पाण्याला दाद देत नाही, तिला रॉकेल लागते. सफाईपूर्वी बॅटरी काढावी किंवा स्पार्क प्लगची टोपी उपसून ठेवावी, हे सांगण्याची वेळ येऊ नये.

चौथा मळ डोळ्यांना दिसत नाही. धुऱ्यावरच्या गवतात आणि धुळीत सिलिका असते. धानाच्या तुसाच्या वजनात तर तिचे प्रमाण साधारण 15 ते 20 टक्के. मोह्‌सच्या काठिण्यमापावर वनस्पतींतली सिलिका सुमारे 5.5 ते 6.5 भरते, साधे लोखंड 4 च्या आसपास. पाणी दिलेले पोलाद या सिलिकेहून कठीण खरे, पण धुळीत वाळूचेही कण असतात. अशा पात्यावर तेल ओतले, की तेल आणि कण मिळून घासकाम करणारा लेप तयार होतो. न धुता दिलेले तेल त्यामुळे न दिलेल्या तेलापेक्षाही वाईट ठरू शकते.

धुतल्यावर पाते पूर्ण कोरडे करावे. मग प्रश्न येतो तेलाचा, आणि इथे आपल्या भागाचा एक खास मोह आहे. धानाच्या बांध्यांत उतेरा म्हणून, म्हणजे उभ्या धानातच पेरून, जवस घेतली जाते, तेव्हा घरात जवसाचे तेल असू शकते. पण ते ‘वाळणारे’ तेल आहे. त्यातली बहु-असंतृप्त मेदाम्ले हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांना सांधतात आणि घट्ट पापुद्रा बनतो. म्हणूनच ते रंगात आणि लाकडाच्या वार्निशात उपयोगी पडते, आणि म्हणूनच सरकत्या पात्यात नको. खोबरेल तसे वाळत नाही, पण हिवाळ्याच्या सकाळी गोठते. गाडीतून काढलेले जळके तेल फुकट मिळते म्हणून लोकप्रिय. त्यात काजळी, आम्ले आणि झिजलेल्या धातूचे कण असतात, म्हणजे जे धुऊन काढले तेच परत. शिलाई मशीनचे पातळ तेल सर्वांत बरे.

ग्रीस मात्र गिअरच्या पेटीसाठी. पात्यावर ते धूळ धरून ठेवते. तेलाचे थेंब दोन पट्ट्यांच्या सांध्यात सोडावेत, यंत्र काही क्षण रिकामे चालवावे, मग बाहेर आलेले तेल पुसावे. घर्षण कमी करायला सांध्यातली पातळ फिल्म पुरते.

पावसाळ्यात, जेव्हा कुंपण सर्वांत झपाट्याने वाढते, तेव्हाच हवेतली ओलही सर्वाधिक असते. प्लास्टिकचे आवरण पात्यावर चढवून ठेवले, तर आत अडकलेली ओल गंज धरते. आवरण आधी आतूनही पुसून, वाळवून मगच चढवावे.